खरखर बंद केली आणि माणसंही बंद झाली

मागे एकदा बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओबद्दल (बोटी एकमेकींशी आणि किनाऱ्याशी बोलतात तो) चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावरची पत्रं अजून येतायत. तक्रार बहुतेकांची एकच, नीट ऐकू येत नाही. निम्म्या लोकांनी तर निदानही स्वतःच करून टाकलंय, सेट गेला, आता नवीन कुठला घेऊ ते सांगा. थांबा जरा. सेट बदलायची वेळ यातल्या फारच थोड्यांवर आलीये. पत्रं थोडी छाटलीत, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

प्रश्न – ताई, नवीन सेट बसवला. चालू केला की कान किटतील एवढी खरखर. मित्र म्हणाला स्क्वेल्च फिरव, तर मी तो पार शेवटपर्यंत फिरवून ठेवला. आता एकदम शांत आहे, छान वाटतं. पण तीन दिवसांत १६ नंबरच्या चॅनलवर, जिथे सगळे हाक मारतात आणि मदत मागतात, एक शब्द ऐकला नाही, आणि तोच मित्र म्हणतो की तो चार-पाच सागरी मैलांवरून मला हाका मारत होता. सेटमध्ये बिघाड असेल का?

उत्तर – बिघाड कसला, दाराला कडी लावून आत बसलायत आणि पाहुणे का येत नाहीत विचारताय.

स्क्वेल्चबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हाच की तो आवाज साफ करतो. तो काहीही साफ करत नाही, स्पीकर चालू ठेवायचा की बंद एवढंच तो ठरवतो. मरीन व्हीएचएफ हा एफएम रेडिओ आहे, आणि एफएमला सिग्नल मिळाला नाही की तो खरखरतो, तो त्याचा स्वभावच. सिग्नल आला की ती खरखर आपोआप दबते. आतलं सर्किट ही खरखर किती आहे यावर नजर ठेवून असतं आणि किती दबली की स्पीकर उघडायचा ती रेघ तुम्ही नॉब फिरवून आखता. तुम्ही रेघ इतकी वर आखलीत की फक्त शेजारच्या धक्क्यावरून कोणी ओरडला तरच आत येईल. तुमचा मित्र पाच मैलांवरून बोलत होता, अँटेनापर्यंत पोचलाही असणार, पण दारातूनच परत गेला.

आता हे असं करा. कोणी बोलत नाहीये असा चॅनल लावा. स्क्वेल्च उलट्या बाजूला पूर्ण फिरवा म्हणजे खरखर मोकळी सुटेल. आणि आधी व्हॉल्यूम ठरवा, हे लोक विसरतात. शांत सेटवर व्हॉल्यूम कुठे आहे ते कळणार कसं? खरखर चालू असताना, इंजिन चालू असताना, तुम्ही सुकाणूपाशी जिथे उभे राहता तिथे उभं राहून ती खरखर त्रास होण्याइतकी नाही पण चुकवता येणार नाही इतकी येऊ द्या, कारण बोलणाऱ्याचा आवाज साधारण तेवढाच येणार आहे. मग स्क्वेल्च हळू हळू सुलट फिरवत या. आधी सलग खरखर, मग ती तुटायला लागेल, फट्... फट्फट्... आणि मग गप्प. गप्प झाली की हात थांबवा. फार तर नखभर पुढे, म्हणजे इंजिनाच्या एखाद्या ठिणगीने उगाच उघडणार नाही. बटणांचा सेट असेल तर शून्यापासून एकेक आकडा वाढवत न्या, जिथे गप्प होईल तोच आकडा.

आणि हे एकदा करून विसरायचं काम नाहीये. धक्क्यावर इंजिन बंद असताना लावलेली रेघ इंजिन सुरू झाल्यावर कमी पडते, मग खरखर परत येते, मग आपण वैतागून नॉब अर्धा फिरवतो, आणि पुढे इंजिन बंद करून शीड उघडलं तरी नॉब तिथेच. दिवसातून तीन-चारदा तरी हात लागला पाहिजे. कोणाची तरी वाट बघताय, लांबून येणार आहे, आवाज कच्चा असेल असं वाटतंय, तर स्क्वेल्च सरळ उघडा टाका आणि खरखरीसकट ऐका. खरखरीतून शब्द वेचायला कान फार पटाईत असतो, बंद स्पीकरमधून मात्र कोणाचाच कान काही वेचू शकत नाही.

एक गंमत सांगते, तुमच्या सेटला डीएससी असेल (लाल झाकणाखालचं, संकटाचा डिजिटल कॉल पाठवणारं बटण) तर बहुतेक नव्या सेटमध्ये ते कॉल ज्यावर येतात तो चॅनल ७० ऐकायला आत वेगळा रिसीव्हर असतो, त्यावर तुमच्या नॉबची सत्ता चालत नाही. म्हणजे कोणी संकटाचा डिजिटल कॉल पाठवला तर तुमचा सेट बोंबलणार. नंतर तुम्ही १६ वर येऊन तो माणूस तोंडाने काय सांगतोय ते ऐकायला बसणार... आणि तिथे परत कडी.

प्रश्न – आमचा सेट २५ वॅटचा आहे, पॉवर कायम हायवरच ठेवतो. तरी लांबच्या बोटी फाटक्या आवाजात येतात. शेजारच्या बोटीवर मात्र तीच माणसं स्वच्छ ऐकू येतात, मी स्वतः जाऊन ऐकलंय. याहून जास्त पॉवरचा सेट मिळतो का?

उत्तर – २५ वॅट ही मरीन व्हीएचएफची वरची मर्यादाच आहे, त्यापुढे काही नाही. पण हाय-लोचा आणि ऐकण्याचा संबंधच नाही हो! ते बटण तुम्ही बोलता तेव्हाच कामाला येतं. २५ वर ठेवा नाहीतर १ वर, येणारा आवाज तोच. उलट समोरचा हाकेच्या अंतरावर असेल तर १ वर बोलावं, आजूबाजूच्या सगळ्यांच्या कानावर आपली बडबड कशाला.

तुम्ही शेजारच्या बोटीवर जाऊन ऐकलंत हे फार चांगलं केलंत, अर्धं उत्तर तिथेच मिळालंय. जागा तीच, बोलणारा तोच, वेळ तीच. मग फरक अँटेना, केबल आणि कनेक्टर या तिघांत कुठेतरी आहे. सेटवर संशय सगळ्यात शेवटी.

आधी उंची. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईला किंचित वळून पुढे जातात पण फार नाही. हिशोब सोपा आहे, अँटेनाच्या टोकाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, तितके किलोमीटर तुमच्या बाजूचे. समोरच्याचे तसेच काढून मिळवा. केबिनच्या टपावरची ४ मीटर उंचीची अँटेना म्हणजे ८ किलोमीटर, समोरही तशीच बोट असेल तर मिळून १६, म्हणजे जेमतेम ९ सागरी मैल. तीच अँटेना १६ मीटरच्या डोलकाठीवर नेली की एका बाजूचेच १६ किलोमीटर झाले. किनाऱ्यावरच्या स्टेशनचा मनोरा १०० मीटरवर असेल तर त्याचे ४१, म्हणून किनारा लांबूनही ऐकू येतो आणि त्याच्या निम्म्या अंतरावरची बोट ऐकू येत नाही. बसल्या जागी हातात धरलेला हँडहेल्ड एक मीटर उंचीवर असतो, त्याचे ४ किलोमीटर, त्यात सेटचा काही दोष नाही. उभे राहिलात तरी थोडी सुधारणा होते.

मग केबल. बारीक आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला ३० मीटरमध्ये जवळपास ६ डेसिबल खाते. साध्या भाषेत, वर अँटेनाने चार आणे गोळा केले तर खाली एक आणा पोचतो. जाड आरजी-२१३ तेवढ्याच लांबीत निम्म्याहून थोडं जास्त पोचवते. चार-पाच मीटरच्या केबलला हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण डोलकाठीच्या टोकापासून खाली टेबलापर्यंत केबल आली असेल तर येतो.

आणि खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कनेक्टर. सेटच्या मागचा तो पीएल-२५९, आणि डोलकाठीच्या बुडाशी जोड असेल तर तिथला. खारं पाणी केबलच्या जाळीतून वातीतून तेल चढावं तसं चढत जातं. कनेक्टरच्या मागून दोन बोटं केबल सोलून बघा, तांबं चकचकीत असेल तर ठीक, हिरवं किंवा काळं पडलं असेल तर ती केबल कापून टाका, चांगलं तांबं दिसेपर्यंत, आणि नवीन कनेक्टर सोल्डर करून वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप नको, ती उन्हात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते, नसलेली बरी.

घरच्या घरी करायची एक परीक्षा. लांबचं एखादं स्टेशन सलग बोलत असताना स्क्वेल्च उघडा ठेवून मागचा अँटेनाचा कनेक्टर सोडवून बाहेर काढा. आवाज गेला तर अँटेना काहीतरी काम करत होती. आवाजात फारसा फरकच पडला नाही, तर अँटेना आधीपासूनच नावाला होती. हे करताना माइकचं बटण चुकूनही दाबायचं नाही, अँटेनाशिवाय ट्रान्समिट केलं तर सेटचं आउटपुट जळू शकतं. मीटर लावून मधली तार आणि जाळी शॉर्ट आहे का बघणारे पण असतात, चांगलंच आहे, पण काही अँटेना डीसीला मुळातच शॉर्ट दाखवतात, तो दोष समजून नवी अँटेना कापून टाकलेले लोक मी बघितलेत.

जाता जाता, जास्त डेसिबलची उंच अँटेना सगळ्यांनाच चांगली असं नसतं. ती ताकद आडव्या पट्ट्यात गोळा करते. बोट शिडाची असेल आणि कलून चालत असेल तर तो पट्टा एका बाजूला आकाशात आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात जातो. शिडाच्या बोटीला ३ डेसिबलची छोटी पुरते.

प्रश्न – ताई मी पंधरा वर्षांचा आहे, बाबांच्या बोटीवर रेडिओ माझ्याकडे असतो. आम्ही दुसऱ्या चॅनलवर बोलत असलो की समोरच्याचं वाक्य मधेच तुटतं, कधी कधी तर अर्धं बोलणं जातं आणि १६ वरच्याच कोणाचा तरी आवाज येतो. आणि स्कॅन लावलं तर ते पहिल्याच चॅनलवर अडकून बसतं. दोन वेगळे बिघाड आहेत का?

उत्तर – अरे वा, एकाच पत्रात दोन्ही लक्षणं नीट लिहिलीस, मोठ्या लोकांना हे जमत नाही. बिघाड एकही नाही.

पहिलं म्हणजे तुझा ड्युअल वॉच चालू आहे. स्क्रीनवर डीडब्ल्यू किंवा तसलं काहीतरी दिसत असेल बघ. यात सेट तुझ्या चॅनलवर असतो पण मधे मधे क्षणभर १६ वर डोकावून येतो, म्हणून ती बारीक तूट. आणि १६ वर कोणी सापडलं तर तो तिकडेच थांबतो, तो बोलून होईपर्यंत. त्याने तसंच करायला हवं, त्यासाठीच तो बनवलाय. महत्त्वाचं बोलणं चालू असेल तेवढ्यापुरता बंद कर आणि झालं की आठवणीने परत लाव. परत लावायला विसरतात ना, तिथे घोळ होतो.

स्कॅनचं कारण स्क्वेल्च. सेटला डोळे नाहीत, त्याच्या लेखी स्क्वेल्च उघडला म्हणजे चॅनलवर कोणीतरी आहे. तू स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवलास की त्याला पहिल्याच चॅनलवर खरखर सापडते, तिलाच तो माणूस समजतो आणि बसतो ऐकत. वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तसा नॉब गप्प होईपर्यंत आण, स्कॅन पळायला लागेल. आणि उलटं पण लक्षात ठेव, स्क्वेल्च फार ताणलास तर स्कॅन जोरात पळत राहील आणि बारीक आवाजाच्या सगळ्या बोटी ओलांडून पुढे जाईल. बाबांना वाटेल आज समुद्रावर कोणीच नाही.

प्रश्न – दिवसा रेडिओ उत्तम. अंधार पडला की खरखर वाढते आणि रेंज कमी होते. रात्रीच्या हवेचा परिणाम असतो असं ऐकलं, खरं का? उपाय काय?

उत्तर – हवेवर ढकलण्याआधी मला सांगा, अंधार पडल्यावर तुम्ही काय काय चालू करता? दिवे! आणि ते एलईडी असणार.

एलईडीत दिव्याचा दोष नसतो, दिव्याला लागणारा व्होल्टेज बनवणारं जे छोटं सर्किट आत असतं ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतं आणि स्वस्तातल्या दिव्यात ते नीट झाकलेलं नसतं. त्याची घाण थेट व्हीएचएफच्या पट्ट्यात उतरते. डोलकाठीच्या टोकाला नेव्हिगेशनचा दिवा आणि त्याच्या वीतभर शेजारी अँटेना, ही तर अगदी आदर्श जोडी. अमेरिकन कोस्ट गार्डने ऑगस्ट २०१८ मध्ये याच्यावर खास सुरक्षा इशारा काढला होता, त्यात एआयएसवरही (बोटींची जागा एकमेकींना आपोआप कळवणारी यंत्रणा) परिणाम होतो असं म्हटलं होतं. त्यात दिलेली परीक्षा इतकी सोपी आहे की आज रात्रीच करून टाका. सगळे एलईडी बंद करा, शांत चॅनल लावा, स्क्वेल्च खरखर येईपर्यंत उघडा, मग खरखर जेमतेम थांबेल इतकाच बंद करा, अगदी काठावर. आता दिवे लावा. एकेक लावा म्हणजे चोर कोणता तेही कळेल. दिवा लागल्याबरोबर खरखर सुटली, तर सापडला.

इथे लोक काय करतात, तर स्क्वेल्च थोडा वाढवतात, खरखर जाते, समाधान होतं. पण दिव्याची घाण आहे तिथेच आहे आणि तिच्याखाली दबलेला माणूस पण तिथेच आहे, फक्त आता तुम्हाला दोघेही ऐकू येत नाहीत. उपाय म्हणजे दिवा बदला, किंवा अँटेनापासून लांब न्या, किंवा त्याच्या तारांवर दिव्याच्या अगदी जवळ फेराइटचा मणी बसवा. मणी कधी लागू पडतो कधी नाही. हीच परीक्षा फ्रीजवर, इन्व्हर्टरवर, बॅटरी चार्जरवर, सोलरच्या कंट्रोलरवर, फोनच्या चार्जरवर पण करा. मी एका बोटीवर दोन तास शोधून शेवटी सिगारेट लायटरच्या सॉकेटात विसरलेला एक दीडदमडीचा फोन चार्जर उपटून काढलाय. फोनसुद्धा लावलेला नव्हता त्याला.

प्रश्न – किनाऱ्यावरच्या स्टेशनने १६ वर सांगितलं, २२ वर या. गेलो, तर ठार शांतता. सोबतच्या बोटीला मात्र त्याच चॅनलवर सगळं ऐकू येत होतं. नॉब सगळे बरोबर होते, स्क्वेल्च उघडून पण बघितला, नुसती खरखर.

उत्तर – स्क्वेल्च उघडून खरखर आली म्हणजे रिसीव्हर जागा आहे, फक्त चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलाय. तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात यूएसए (अमेरिका), आयएनटी (आंतरराष्ट्रीय), कॅन (कॅनडा) यातलं काय लिहिलंय ते बघा.

चॅनलचा नंबर एक असला तरी देशानुसार त्यामागची फ्रिक्वेन्सी काही ठिकाणी वेगळी असते. आंतरराष्ट्रीय यादीत २२ हा दोन फ्रिक्वेन्सीचा चॅनल आहे, जहाज १५७.१ मेगाहर्ट्झवर बोलतं आणि ४.६ मेगाहर्ट्झ वर, १६१.७ ला ऐकतं. अमेरिकेत मात्र २२ए म्हणजे दोन्ही कामं १५७.१ वरच. आता तिथल्या पाण्यात तुमचा सेट आयएनटीवर राहिला तर तुम्ही बोललेलं त्यांना ऐकू जाईल, ते उत्तर देतील १५७.१ वर, आणि तुम्ही कान लावून बसाल १६१.७ ला. म्हणून हा प्रकार इतका फसवा आहे, अर्धा चालतो. नव्या सेटवर तोच चॅनल १०२२ असा चार आकड्यांत दिसतो, ते बरं केलं, गोंधळ कमी झाला. १६ मात्र सगळीकडे १५६.८ च असल्यामुळे तिथे काही कळून येत नाही आणि दुसऱ्या चॅनलवर गेलं की आपण आंधळे.

सेट पडला, बॅटरी पूर्ण उतरली, कोणा पोराने बटणं दाबली, की ही सेटिंग बदलू शकते. ज्या पाण्यात आहात तिथली लावा. आणि दोन फ्रिक्वेन्सीच्या चॅनलवर तुम्हाला स्टेशन ऐकू येईल पण त्याच्याशी बोलणारी दुसरी बोट ऐकू येणार नाही, त्यालाही बिघाड म्हणून पत्र पाठवू नका, आधीच तीन आलीत.

प्रश्न – दोन छोट्या शंका. मोठ्या बंदरात शिरलं की भलत्याच चॅनलवरचे आवाज एकमेकांत मिसळून येतात. आणि कधी कधी वारा पडलेला असताना खूप लांबची, कधी न ऐकलेली स्टेशनं येतात. हे काय?

उत्तर – बंदरात चहूबाजूंनी इतके जोरदार सिग्नल असतात की सेटचं तोंडच भरून जातं आणि तो आतल्या आत त्यांची खिचडी करतो. एलओ-डीएक्स किंवा लोकल-डिस्टन्स असं काही तुमच्या मेनूत असेल तर बंदरात लोकल करा, त्याने सेटचे कान थोडे बधिर होतात. बाहेर पडताना परत डिस्टन्स. हे विसरलात की पुढच्या महिन्यात तुमचंही पत्र येणार, रेंज गेली म्हणून.

दुसऱ्याचं कारण हवाच आहे, इथे तिला दोष द्यायला हरकत नाही. थंड पाण्यावर गरम कोरडी हवा पसरली की दोन थरांमध्ये नळी तयार होते आणि लहर त्यातून क्षितिजापलीकडे निघून येते. मजा म्हणून ऐका, त्याच्या भरवशावर बेत आखू नका, कधी गायब होईल सांगता येत नाही.

प्रश्न – लांबच्या प्रवासासाठी एसएसबी (व्हीएचएफपेक्षा खूप लांब पोचणारा रेडिओ) घेतला. सगळे बदकासारखे बोलतात. व्हीएचएफची सगळी शिकवण लावून बघितली, स्क्वेल्च वगैरे, काही उपयोग नाही.

उत्तर – व्हीएचएफची शिकवण इथे आधी विसरा. एसएसबीत आवाज ज्या फ्रिक्वेन्सीवर पाठवला अगदी तिथेच तुमचा सेट हवा, थोडा वर-खाली झाला की माणसाचं बदक नाहीतर भूत होतं. क्लॅरिफायर नावाचा नॉब (काही सेटवर आरआयटी) त्यासाठीच आहे. तो अगदी केसाएवढा फिरवत राहा, समोरचा बोलत असताना, बदक हळू हळू माणसाळायला लागेल. आधी मोड अप्पर साइडबँडच आहे ना बघा, मरीनला तोच वापरतात, लोअर लागला असेल तर क्लॅरिफायर कितीही पिळला तरी शब्द लागणार नाही.

आरएफ गेन (येणारा सिग्नल सेट किती वाढवून घेतो ते) सुरुवातीला पूर्ण वर, एजीसी (आवाज आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) चालू. जवळचं स्टेशन कान फोडत असेल तरच गेन खाली. स्क्वेल्च बंदच ठेवा. नॉइज ब्लँकर इंजिनाच्या टकटकीवर छान चालतो, विजेच्या कडकडाटावर फारसा नाही, आणि शेजारी जोरदार स्टेशन असेल तर आवाज अजूनच विद्रूप करतो, म्हणून लावून बघायचा, फायदा नसेल तर काढायचा. आणि सगळे नॉब बरोबर असून काहीच येत नसेल तर पट्टा बदला. ढोबळ हिशोब असा की दिवसा वरचे पट्टे, ८, १२, १६ मेगाहर्ट्झ, आणि रात्री खालचे, ४ आणि ६. दिवसा खालचे पट्टे वातावरणाचा एक थर शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तेच पट्टे मैलोन्‌मैल जायला लागतात.

जुन्या रेडिओ खोलीतल्या घड्याळांवर रंगीत पाकळ्या रंगवलेल्या असायच्या, बघितल्यायत का कधी? त्यातल्या हिरव्या पाकळ्या २१८२ किलोहर्ट्झ या संकटाच्या हाकेच्या फ्रिक्वेन्सीसाठी, दर तासाच्या आणि दर अर्ध्या तासाच्या सुरुवातीची तीन मिनिटं. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं, कोणी क्षीण आवाजात मदत मागत असेल तर सापडावा म्हणून. मला ते घड्याळ फार आवडतं. आता कंपल्सरी राहिलं नाही पण शोभेला म्हणून विकत मिळतं.

प्रश्न – काल अचानक रेडिओ पूर्ण मुका झाला. स्क्रीन चालू, आकडे दिसतात, पण स्क्वेल्च उघडला तरी खरखर सुद्धा नाही. हा तरी बिघाड आहे ना?

उत्तर – असू शकतो, आणि खरखर तपासलीत म्हणून हे ओळखणं सोपं झालं. स्क्वेल्च पूर्ण उघडा आणि तरी खरखर नाही, म्हणजे अँटेना, केबल, हवा, दिवे सगळे निर्दोष सुटले, अँटेना नसलेला सेटही खरखरतो. उरलं काय? व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर मेलेला, मागे बाहेरच्या स्पीकरची पिन अर्धवट लागलेली. हँडहेल्ड असेल तर स्पीकरच्या जाळीत पाणी भरल्यावर आवाज दबतो, जाळी खाली करून झटका, काही सेटमध्ये थरथर करून पाणी उडवायची सोय पण असते.

पण याच्या आधी एक गोष्ट बघा, स्क्रीनवर टीएक्स लिहिलेलं आलंय का. माइकचं बटण कुठेतरी दाबलं गेलं असेल तर सेट बोलतोय, आणि बोलत असताना तो ऐकत नाही. तुम्हाला रेडिओ मेला वाटतो आणि तिकडे त्या चॅनलवर आसपासच्या सगळ्या बोटींना तुमच्या केबिनचं थेट प्रक्षेपण चालू असतं, आणि चॅनल १६ असेल तर संकटातल्या माणसाचंही तोंड तुम्ही दाबून धरलेलं असतं. बऱ्याच नव्या सेटमध्ये पाच मिनिटांनी आपोआप तोडणारा टायमर असतो, जुन्यांत नसतो.

मला एकदा असंच एका बोटीवर बोलावलं होतं, रेडिओ अर्ध्या तासापासून बंद पडलाय म्हणून. जोडपं होतं, दोघंही घुश्श्यात. मी आत शिरले तर स्क्रीनवर टीएक्स, सेट हात लावला तर चटका बसेल इतका गरम, आणि माइक सोफ्याच्या गादीखाली, वर कोणीतरी बसून उठलेलं. गादी उचलली, बटण सुटलं, आणि १६ नंबर एकदम जिवंत झाला, तीन-चार बोटी एकाच वेळी ओरडत होत्या. नांगर कुठे टाकायचा यावरून त्या दोघांचं भांडण झालं होतं, ते सगळ्या खाडीने ऐकलं. कोण बरोबर होतं ते मला परत जाताना शेजारच्या बोटवाल्याने सांगितलं, बाई बरोबर होत्या म्हणे, तिथे तळाला दगड आहे.